पाणी कोणी शेंदलं?

भोपाळच्या अवधपुरीत आमच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी सात-आठ मराठी माणसं जमतात. कुणी भेलमधून निवृत्त झालेलं, कुणाचं माहेर ग्वाल्हेरचं, कुणी मुलाच्या नोकरीपायी इंदूर सोडून इथे आलेलं. पोहे होतात, चहा होतो आणि मग एकजण पुस्तक मोठ्याने वाचतो. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही विष्णुभट गोडसे वरसईकरांचं 1857 च्या बंडातलं प्रवासवर्णन 'माझा प्रवास' वाचतो आहोत. वाचन सावकाश चालतं, कारण दर दोन पानांनी कुणाला तरी काहीतरी आठवतं.

त्या दिवशी वाचन काल्पीच्या वाटेवरल्या एका विहिरीपाशी येऊन पोचलं. झाशी पडलेली आहे. राणी लक्ष्मीबाई लढाईतून निसटून धुळीने माखलेली, पठाणी पोशाखात, तहानेने व्याकूळ होऊन विहिरीवर येते. तिथे हा कोकणातला भटजी आधीच उभा आहे. कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या आजींचा हात थांबला.

"थांब रे जरा. पाणी कोणी शेंदलं?"

वाचणारा मुलगा म्हणाला, "राणीने, आजी. भटजी दोर सोडायला लागले तर ती म्हणाली, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका. तिने स्वतःच शेंदलं आणि ओंजळीने प्यायली."

"छे," आजी म्हणाल्या. "भटजींनी शेंदलं. लहानपणी मी असंच ऐकलंय."

पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. पुस्तकात दोर राणीच्याच हातात आहे. आजींना ते पटलं, पण त्यांच्या मनातलं चित्र काही हललं नाही. मी मात्र त्या प्रश्नापाशी अडकलो. लढाई होऊन गेल्यावर ती कोणाच्या आठवणीत, कोणत्या रूपात उरते, आणि वाटेत तिचं काय काय होतं, हे समजून घ्यायला आपल्या भाषेत या पुस्तकाइतकी चांगली जागा दुसरी नाही, असं मला वाटतं.

विष्णुभट पेणजवळच्या वरसईचे, आजच्या रायगड जिल्ह्यातले. 1857 साली ते तिशीच्या आसपास होते. घरावर कर्ज होतं आणि कोकणातल्या भिक्षुकीवर ते फिटण्यासारखं नव्हतं. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे, दौलतराव शिंद्यांच्या विधवा, मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा भरपूर मिळणार आहे. रामभट काकांबरोबर जायचं ठरलं. वडिलांचा जीव राजी होईना. हिंदुस्थान दूर, तिकडचे लोक भांग पितात, तिकडच्या बायका माणसाला भुरळ घालतात, अशी त्यांची धास्ती. त्या काळच्या मराठीत 'हिंदुस्थान' म्हणजे सातपुड्यापलीकडचा उत्तरेचा मुलूख. आमच्या गटातल्या एका काकूंच्या रत्नागिरीकडच्या सासूबाई अगदी अलीकडेपर्यंत 'आमची सून हिंदुस्थानात असते' असं सांगायच्या, त्याची त्या दिवशी आठवण निघाली.

म्हणजे हा माणूस लढाईला निघाला नव्हता आणि लढाई लिहायलाही निघाला नव्हता. दक्षिणा मिळवून आईवडिलांचा भार हलका करायचा, जमलं तर काशीयात्रा करायची, एवढाच त्याचा बेत. वाटेत महूच्या आसपास शिपाई भेटले आणि त्यांनी काही दिवसांत काय होणार आहे त्याची कुणकुण दिली. 10 मे 1857 ला मेरठला ठिणगी पडली होती. परत फिरावं की पुढे जावं? काका-पुतणे पुढे गेले. उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी, आणि अडीच-तीन वर्षांनी परत वरसई.

नकाशा समोर ठेवला तर ही वाट भोपाळच्या आजूबाजूने जाते. त्या वेळी भोपाळचा कारभार सिकंदर बेगम पाहत होत्या आणि त्या इंग्रजांच्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या. पण चाळीसेक किलोमीटरवरच्या सिहोरच्या छावणीत भोपाळ कंटिन्जंटच्या शिपायांनी ऑगस्ट 1857 मध्ये उठाव केला. दोन झेंडे उभारले, निशाण-ए-मुहम्मदी आणि निशाण-ए-महावीरी, आणि 'सिपाही बहादूर सरकार' नावाचं स्वतःचं राज्य जाहीर केलं. ते काही महिने टिकलं. जानेवारी 1858 मध्ये सर ह्यू रोज महूकडून फौज घेऊन आला आणि 14 जानेवारीला कैद केलेल्या शिपायांना ओळीने उभं करून गोळ्या घातल्या.

किती जणांना? सिहोरमध्ये 356 हा आकडा सांगतात. सिवन नदीजवळ त्यांच्या समाध्या आहेत, तिथे दर वर्षी संक्रांतीला लोक फुलं वाहायला जातात. रोजच्या फौजेबरोबर थॉमस लो नावाचा एक डॉक्टर होता. त्याने 1860 साली या मोहिमेवर इंग्रजीत पुस्तक छापलं. त्याच्या हिशेबाने ते दीडशेच्या आसपास होते. दोन आकड्यांत दुपटीहून जास्त अंतर. भोपाळच्या माणसाला याचं नवल वाटत नाही. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री इथे विषारी वायुगळतीत किती माणसं गेली याचा सरकारी आकडा आधी 2,259 होता, मग 3,787 झाला, आणि गल्लीत विचाराल तर आकडा याच्या कितीतरी पुढे जातो. मेलेल्यांची मोजणी कोण करतो, कधी करतो आणि कशासाठी करतो, यावर आकडा ठरतो हे आम्ही जगून शिकलो आहोत.

मी एकदा संक्रांतीच्या सकाळी सिहोरला गेलो होतो. खिशात घरचे तिळाचे लाडू होते. समाध्यांपाशी एक शेतकरी आपल्या नातवाला घेऊन आला होता. त्याला कोणाचंही नाव ठाऊक नव्हतं. "हमारे यहाँ से भी कोई था," एवढंच तो म्हणाला आणि नातवाकडून झेंडूची दोन फुलं वाहवली. मी त्या मुलाच्या हातावर एक लाडू ठेवला. आठवणीतून नाव गळून गेलं तरी तिची तारीख शिल्लक राहते, हे मी तिथे पाहिलं.

हा डॉक्टर लो पुढे आपल्या विष्णुभटांच्या कथेत येतो, आणि तेही फार विलक्षण रीतीने. रोजची फौज सिहोरहून निघून राहतगड, सागर, मदनपूरची खिंड असं करत 21 मार्च 1858 ला झाशीपुढे येऊन ठेपली. सिहोर ते झाशी जवळजवळ दोन महिने. (आज राणी कमलापती स्थानकावरून निघालं की चारेक तासांत तुम्ही वीरांगना लक्ष्मीबाई झाशी स्थानकात उतरता. दोन्ही स्थानकांना राण्यांची नावं 2021 च्या सुमारास लागली. त्याआधी ती नुसती हबीबगंज आणि झाशी होती.) फौजेबरोबर तटाबाहेर लो होता. तटाच्या आत, 'दक्षिणी' म्हणून मानाने ठेवून घेतलेले, अनुष्ठानं करून दक्षिणा मिळवणारे विष्णुभट आणि त्यांचे काका होते. एकाच तटाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन माणसांनी, एकमेकांना कधीही न भेटता, तेच दिवस लिहून ठेवले. लोने ते दोन वर्षांत छापले. विष्णुभटांनी पंचवीस वर्षांनी लिहायला घेतले.

लोच्या पुस्तकात राणी आहे ती बायबलमधल्या एका दुष्ट राणीच्या रूपात. विष्णुभटांच्या पुस्तकात ती घरातल्या माणसासारखी आहे. तिचा दिनक्रम, तिचा व्यायाम, घोड्यांची तिची पारख, तिचं स्नान, दानधर्म. दरबारातल्या मोठ्या घडामोडींपेक्षा भटजींचं लक्ष जिथे अन्न शिजतं, पाणी भरलं जातं, कपडे वाळत घातले जातात, तिकडेच जास्त जातं. म्हणूनच वेढ्याचं त्यांचं वर्णन मला इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा खरं वाटतं. रात्री आकाशातून येणारे तोफांचे तांबडे गोळे, कोणाच्या घरावर पडतील या भीतीने रात्रभर जागी राहिलेली माणसं. मार्चअखेर तात्या टोपे मदतीला आले तेव्हा सगळ्या गावाला आशेची पालवी फुटली. बेतवेच्या काठी तात्यांचा पराभव झाल्यावर ती करपली. 3 एप्रिलला इंग्रज तट चढून आत आले. 4 च्या रात्री राणी किल्ल्यातून निसटली.

मग जे झालं त्याला विष्णुभट 'बिजन' म्हणतात. फारसीतून आलेला हा शब्द, म्हणजे सरसकट कत्तल. आपल्या बोलण्यातून तो आता गेला आहे आणि गेला ते बरंच झालं. हलवाईपुऱ्याला आग लागली. बायकांनी, मुलांनी विहिरींत उड्या टाकल्या. मेलेल्यांचा पाच हजारांच्या आसपासचा आकडा इंग्रजी पुस्तकांत येतो. भटजी आणि काका लपून बसले, हाताशी होतं ते शिपायांच्या हवाली करून जिवानिशी सुटले. दक्षिणेचे पैसे गेले. ज्यासाठी घर सोडलं ते गेलं.

या कत्तलीपेक्षाही माझ्या मनात घर करून राहिली ती लुटीची क्रमवारी. आधी सोनं, चांदी, जडजवाहीर. ते संपल्यावर तांब्या-पितळेची भांडी. मग कापडचोपड. मग धान्य. कोणत्या पलटणीने कोणत्या दिवशी काय न्यायचं याची जणू पाळी लावलेली होती. भिक्षुकाच्या नजरेला हे बरोबर दिसलं. सोनं लुटलं तर श्रीमंताचं घर बसतं. हंडा, घागर, परात गेली की गरिबाच्या घरातलं पाणीही जातं, कारण ते भरायचं कशात? घरातली कणगी रिकामी झाली की उरलेल्यांची उपासमार सुरू. लढाई कोणत्या क्रमाने गरिबापर्यंत उतरते हे इतक्या नेमकेपणाने सांगणारं दुसरं वर्णन मी वाचलेलं नाही.

आणि पुस्तकं. झाशीच्या संस्थानाचं पुस्तकालय पिढ्यांनी जमवलेलं होतं. वेद, भाष्यं, सूत्रं, पुराणं, ज्योतिष, वैद्यक. कुठे एखादा नवा ग्रंथ असल्याचं कळलं की लेखक पाठवून त्याची नक्कल करवून आणायची अशी तिथली रीत. प्रत्येक पोथीला रुमाल बांधलेला. दूरदूरचे पंडित ती पाहायला येत. विष्णुभटांनी ते वैभव स्वतः पाहिलं होतं आणि त्यांनी ते धुळीला मिळतानाही पाहिलं. ज्याच्या घरची सगळी मालमत्ता म्हणजे पाठांतर आणि दोन-चार पोथ्या, त्याच्या काळजाला हे कसं लागलं असेल ते त्यांनी लिहिण्याची गरजही नव्हती. तरी त्यांनी लिहिलं, म्हणून आज आपल्याला माहीत आहे की झाशीत असं काही होतं. एका भिक्षुकाच्या आठवणीत ते पुस्तकालय उभं राहिलं आहे.

यानंतर येते ती विहीर. मे महिन्याची हवा, काल्पीचा रस्ता, पहाटेची वेळ. दोर आणि मातीचं मडकं. एक राणी आणि एक लुटला गेलेला भटजी. राणी त्याच्याशी बोलते ते आपल्या नशिबाबद्दल. मी विधवा, मला मूठभर तांदूळ पुरले असते, पण धर्माच्या अभिमानाने हे हाती घेतलं, असा त्या बोलण्याचा आशय. दीड महिन्याच्या आत, 17-18 जूनच्या सुमारास, ती ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे लढताना मारली गेली.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. 'माझा प्रवास' 1883 साली लिहिला गेला. म्हणजे विहिरीवरचा तो प्रसंग आणि कागदावरचं पहिलं अक्षर यांत पंचवीस वर्षं आहेत. मधल्या काळात भटजींनी हे किती घरांत, किती पंगतींनंतर, किती ओट्यांवर सांगितलं असेल! सांगता सांगता प्रसंगाला घाट आला असेल, संवादाला धार चढली असेल. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने 1932 साली एका पुस्तकात याचीच चिकित्सा केली. त्याने विद्यार्थ्यांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक अपरिचित कथा वाचायला दिली आणि काही दिवसांनी, काही महिन्यांनी परत सांगायला लावली. दर वेळी कथा आखूड होत गेली, आणि जे अनोळखी होतं ते ओळखीचं झालं. त्या लोकांची डोंगी विद्यार्थ्यांच्या तोंडी साधी होडी झाली. आठवण ही डब्यात घालून ठेवलेली वस्तू नसते, ती दर वेळी नव्याने रचली जाते, असं बार्टलेट म्हणाला.

आजींच्या लहानपणच्या गोष्टीत भटजी पाणी शेंदतात, कारण सांगणाऱ्याला राणीने विहिरीचा दोर ओढणं शोभत नव्हतं. राणी ती राणी, तिच्यासाठी कोणीतरी पाणी काढणारच. ऐकणाऱ्यांच्या मनाला जे सोयीचं, तिकडे गोष्ट कलते. आणि भटजींनी जे लिहिलं ते याच्या उलट दिशेचं, न शोभणारं आहे, म्हणूनच मला ते जास्त विश्वासाचं वाटतं. कहाणी रचायचीच असती तर ब्राह्मणाने राणीला पाणी पाजलं हे लिहिणं त्यांच्या हिताचं होतं. पुण्य तेवढंच पदरात पडलं असतं.

याचा अर्थ ते कुठेच चुकत नाहीत असा नाही. तारखा इकडच्या तिकडे झाल्या आहेत. बंडाचं कारण सांगताना कलकत्त्याला राजेरजवाड्यांना बोलावून कंपनी सरकारने धर्म बुडवणारी चौऱ्यायशी कलमं पुढे ठेवल्याची हकीकत ते सांगतात. असं काही झालं नव्हतं. पण हा भाग मी पुस्तकातून कधीही काढणार नाही. त्या वर्षी बाजारात, धर्मशाळेत, नदीच्या घाटावर लोक काय बोलत होते, कशाला घाबरले होते, ते या चौऱ्यायशी कलमांतून कळतं. अफवा ही खरी घटना नसते, पण लोकांनी ती खरी मानली ही घटना मात्र खरी असते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरीस हाल्बवाक्स 1925 साली म्हणाला होता की माणूस एकट्याने आठवत नाही. घर, गाव, जात, धर्म, सोबतची माणसं यांनी घातलेल्या चौकटीत तो आठवतो. ती चौकट मोडली की आठवण निराधार होते. हाल्बवाक्स स्वतः 1945 साली नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत मेला. आणि याच फ्रान्समध्ये, युरोपातलं युद्ध संपल्यावर जेमतेम तीन महिन्यांनी जन्मलेला पात्रिक मोदियानो आयुष्यभर आपल्या जन्माआधीच्या त्या युद्धाचा माग काढत राहिला. 2014 साली त्याला नोबेल मिळालं. 31 डिसेंबर 1941 च्या 'पारी-स्वार' या जुन्या वर्तमानपत्रात त्याला एक छोटीशी जाहिरात सापडली. दोरा ब्रूदेर नावाची पंधरा वर्षांची मुलगी हरवली आहे, आईवडील शोधत आहेत. मोदियानो त्या मुलीच्या मागे पॅरिसचे रस्ते पायाखाली घालत फिरला. शाळा, पोलिसांची दप्तरं, त्या दिवसांचं हवामानसुद्धा शोधलं. ती 1942 मध्ये आउश्वित्झला पाठवली गेली होती. ती घरातून पळाली त्या काळात ती कुठे होती, हे त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही, आणि ती मोकळी जागा त्याने कल्पनेने भरली नाही. 1997 साली पुस्तक आलं. 2015 साली पॅरिसमध्ये एका रस्त्याला दोराचं नाव मिळालं.

विष्णुभट आणि मोदियानो यांत मोठा फरक आहे. भटजींनी डोळ्यांनी पाहिलं आणि ते पायांनी चालले. मोदियानोने काहीच पाहिलं नव्हतं, तो पाहिलेल्यांच्या मागून चालला. पण दोघांच्याही हाती शेवटी लहान गोष्टीच लागल्या. मडकं, दोर, जाहिरातीच्या चार ओळी. सेनापतींच्या हाती मोहिमेचा नकाशा असतो, चालणाऱ्याच्या हाती एवढंच येतं.

लिहिल्यावरही भटजींच्या आठवणीला वाट सोपी नव्हती. लिहायला लावलं ते चिंतामणराव वैद्यांनी, म्हणजे भारताचार्य चिं. वि. वैद्य (1861–1938). पुढे ते ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश झाले, महाभारतावरच्या ग्रंथांमुळे नावाजले. 1883 साली ते ऐन विशीत होते. पण बंडाची हकीकत, तीही झाशीच्या राणीविषयी प्रेमाने लिहिलेली, इंग्रजी अमलात छापायची कशी? पुस्तक बाहेर आलं ते 1907 साली. तेव्हा भटजी हयात नव्हते. आणि वैद्यांनी ते जसंच्या तसं छापलं नाही. भाषा घासूनपुसून घेतली, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी स्वतःची भर घातली.

वैद्यांना मी दोष देत नाही. त्यांनी ते लिहवून घेतलं नसतं तर आज काहीच नसतं. शिवाय एक गोष्ट त्यांनी अशी केली की त्यासाठी मराठी वाचकाने त्यांचं ऋण मानावं. मूळ मोडी हस्तलिखित त्यांनी फेकून दिलं नाही, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या हवाली केलं. स्वतः केलेले बदल कोणीतरी एक दिवस पडताळून पाहू शकेल, याची सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली त्या मूळ प्रतीवरून पुस्तक छापलं. विष्णुभटांनी घर सोडलं 1857 साली. त्यांचे स्वतःचे शब्द वाचकापर्यंत पोचायला 109 वर्षं लागली.

या मधल्या काळात पुस्तक हिंदीतही गेलं होतं. लखनौच्या अमृतलाल नागरांनी त्याचा 'आँखों देखा ग़दर' या नावाने अनुवाद केला. नावातच एक गंमत आहे. मराठीत 'बंड', हिंदीत 'ग़दर', आणि 1909 मध्ये सावरकरांनी त्याला 'स्वातंत्र्यसमर' म्हटलं. युद्ध एकच. नाव ज्याच्या तोंडी जसं येतं तसा त्याचा पक्ष कळतो. माझी ग्वाल्हेरची आत्या मुलांनी घर डोक्यावर घेतलं की म्हणायची, "काय गदर मांडलाय रे!" तिच्या तोंडात तो शब्द किती लांबून आला होता हे तिला ठाऊक नव्हतं.

नागरांनी पुढे आणखी एक मोठं काम केलं. 1857 ला शंभर वर्षं झाली तेव्हा ते अवधच्या जिल्ह्याजिल्ह्यांत, गावोगावी हिंडले आणि लोकांच्या तोंडी उरलेल्या आठवणी गोळा केल्या. पुस्तकाचं नाव 'ग़दर के फूल'. हिंदीत 'फूल' म्हणजे चितेतून वेचलेल्या अस्थीही. शंभर वर्षांपूर्वीची राख सावडायला निघालेला लेखक. आमच्या वसाहतीचं नाव अवधपुरी आहे म्हणून मी ते पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं, हे कबूल करतो. आपल्या दारात लिहिलेल्या नावाचा मूळ मुलूख कसा आहे ते पाहावं म्हणून. अवध इथून फार लांब आहे, पण नागर ज्या म्हाताऱ्या माणसांशी बोलले तशी माणसं इथेही आहेत.

आणि इथे भोपाळमध्येच, विष्णुभट घरी परतल्यावर थोड्याच वर्षांत, दुसरं एक प्रवासवर्णन लिहिलं जात होतं. सिकंदर बेगम 1863-64 साली हजला गेल्या आणि परत येऊन त्यांनी ती यात्रा उर्दूत लिहिली. 1870 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद छापलाही गेला. बेगम जिंकणाऱ्यांच्या बाजूला होत्या, त्यामुळे त्यांची वही सहा वर्षांत छापखान्यात पोचली. भटजी हरलेल्यांमध्ये सापडले होते. त्यांची वही थांबली. दोघेही तीर्थाला निघालेले, दोघांच्याही वाटेवर चोर, उन्हाळा आणि पाण्याची चणचण.

पैसे गेले, तरी भटजी रिकाम्या हाताने घरी गेले नाहीत. त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन वरसई गाठली. कावड म्हणजे लांब बांबूच्या दोन टोकांना टांगलेली दोन भांडी, आणि रीत अशी की ती वाटेत जमिनीला टेकवायची नाही. काशीहून कोकणापर्यंत. घरचे लोक मुलगा मेला असं धरून चालले होते. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. कर्ज फेडायला निघालेला मुलगा काय घेऊन आला तर पाणी.

हा भाग वाचून संपला तेव्हा आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग वातींचं तबक बाजूला सरकवलं. 1984 साली त्या जुन्या शहरात राहत होत्या हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण त्या रात्रीबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या. कुणी विचारलंही नव्हतं.

"मला वाटलं तू विचारशील," त्या मला म्हणाल्या. "आम्ही पिपलानीकडे पळत आलो. माझी भावजय तिकडे क्वार्टरमध्ये राहायची. डोळे उघडत नव्हते. पोरगा कडेवर. वाटेत कुणीतरी लोटा पुढे केला. बाई होती की पुरुष, दिसलं नाही. मी पोराचे डोळे धुतले, मग माझे. लोटा परत द्यायला हात पुढे केला तर समोर कोणीच नव्हतं."

"मग?"

"मग काय, घेऊन आले बरोबर. अजून आहे. पितळेचा आहे, काठाला एक पोचा पडलाय."

मी विचारलं, हे लिहू का? त्या म्हणाल्या, लिही, पण त्या माणसाबद्दल काही घालू नकोस, मी पाहिलंच नाही. पुढच्या रविवारी येताना लोटा घेऊन येते.